रेग्युलेटरवरची लाल रेघ

जावई बोहोल बेटावरचा, तिथंच क्रिसान्ताच्या मनात अढी बसली होती. अबुनो गावात गिटारी घडवणाऱ्यांच्या घरात समुद्रापलीकडचा सुतार घ्यायचा म्हणजे मांजराला मासळीच्या टोपलीवर राखणीला बसवायचं, असं ती ऐन लग्नात म्हणाली होती, आणि नवरदेवाच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणाली होती.

आता तर फणसाच्या पट्ट्याच जळायला लागल्या होत्या.

गिटारीची बगल म्हणजे लाकडाची पातळ पट्टी, बाईच्या कमरेसारखी आत वळलेली. क्रिसान्ताच्या नवऱ्यानं ती जन्मभर कोळसे भरलेल्या लोखंडी नळीवर वाकवली. नळीवर पाणी शिंपडायचं, थेंब नाचला की लाकूड टेकवायचं. तो गेला आणि जावयानं, रुपर्तोनं, साचा आणि रबराची तापती चादर आणली. ओली पट्टी दोन पातळ पत्र्यांमध्ये घालायची, वर चादर टाकायची, वीज सोडायची. पट्टी तापली की साच्यात दाबायची. लाकूड मेणासारखं वळायचं. क्रिसान्तानं कौतुक केलं नाही. पण पंख्याला असतो तसला मोठा रेग्युलेटर चादरीला होता, त्याचं बटण जिथं असताना पट्टी झकास वाकली, तिथं तिनं लेकीच्या नखांचा रंग घेऊन लाल रेघ ओढली. किती वेळ तापवायचं तेही तिनंच ठरवलं: जपमाळेचा एक फेरा, ना घाईनं, ना रेंगाळत. रेघ तिची, माळ तिची. म्हणजे चुकलं तर माणूसच चुकणार, नाही का?

एक पट्टी जळाली तेव्हा ती गप्प राहिली. दुसरी जळाली तेव्हा तिनं एकेक धागा जुळवायला घेतला. परसातला फणस तोडून तिच्या नवऱ्यानं जी लाकडं वाळवून ठेवली होती, त्यातलीच जळतात, हे कसं? प्रवाशांना गिटारी विकणारा तो गुळगुळीत दाढीचा दुकानदार फाटकाशी रुपर्तोशी काय कुजबुजतो? त्याला प्लायवूडच्या स्वस्त गिटारी हव्यात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. जुनं लाकूड संपलं की म्हातारी झक मारत प्लायवूडला राजी होईल, असा बेत असणार. वर रुपर्तोनं चादरीला जोडायला कसलीशी नवी पेटी घ्यायचा हट्टही धरला होता. कारखान्यात एकेक वस्तू त्याची झाली, की एक दिवस कारखानाच त्याचा.

बटण फिरवलंस का, असं तिनं तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "आई, रेघ सांगते वीज किती सोडली. चादर किती तापली, ते तिला कुठं कळतं?"

"असं? चूल किती पेटली ते कळलं तर भात करपेल का, ते कळत नाही? तुमच्या बोहोलात शिजवतात की उन्हात ठेवतात?"

मग त्याच्या जपावरही तिनं संशय घेतला. नमो मरिया म्हणताना हा मुद्दाम लांबण लावतो, तेवढ्यात लाकूड भाजून निघतं. रुपर्तो हसला, आणि ते हसणंही तिनं ध्यानात ठेवलं.

सकाळी सुकी मासळी आणि मक्याचा भात वाढता वाढता तिनं निकाल दिला. आज तिसरी पट्टी जळाली, तर जावयानं बोहोलची बोट धरावी.

लेकीनं, डेल्फानं, ताटावरून मान वर केली नाही. "मग तिकिटं दोन काढ, आई."

लेक गेली तर या घरात उरणार कोण, एक सांतो निन्योची, बाळ येशूची मूर्ती आणि क्रिसान्ता. पण बोललेला शब्द गिळणं तिला कधी जमलं नव्हतं. ती म्हणाली, आज मीच तापवते. चोर असेल तर समोर येईल.

तिनं स्टूल ओढलं, बटण बरोबर रेघेवर आणलं आणि त्यावर बोट दाबून बसली. रुपर्तोला दारात उभं केलं, हात मागे बांधून. साच्याची मूठ डेल्फाच्या हातात दिली. दुसऱ्या हातानं माळ ओढायला सुरुवात केली. ओठ प्रार्थनेत, डोळे जावयावर.

माळ निम्मी झाली असेल नसेल, फणसाच्या आठळ्या भाजल्यासारखा वास आला. शेजारच्या चुलीचा असेल, तिनं मनाशी म्हटलं. मग तो वास कडवट झाला.

"आई, बंद करा," रुपर्तो म्हणाला.

बघा, यालाच बरं आधी कळलं! ती आणखी मोठ्यानं जप करू लागली. फेरा पुरा केल्याशिवाय तिनं बटण सोडलं नाही.

चादर उचलली तर पट्टी कॉफीच्या बीसारखी काळी, कमरेपाशी तडकलेली.

क्रिसान्तानं जावयाच्या तोंडाकडे पाहिलं, हसतोय का म्हणून. नव्हता हसत. तेही तिला खटकलं. पण बोट तिचं होतं आणि ते अजून रेघेवरच होतं.

डेल्फानं घाम पुसत वर पाहिलं. "हा पंखा तरी काय पिसाळल्यासारखा फिरतोय. बर्फाचा कारखाना बंद पडल्यापासून असाच आहे."

रुपर्तोनं एकदम मान वर केली. गल्लीच्या टोकाचा बर्फाचा कारखाना याच तारेवर. त्याची यंत्रं चालली की गल्लीतले दिवे मिणमिणायचे. त्याच दिवसांत रेघ ओढली होती. आता यंत्रं दुरुस्तीला निघाली होती, आणि तारेतला सगळा जोर घरांत येत होता. रुपर्तो स्वतःवरच चिडला. पेटी, पेटी म्हणून मी घोकत बसलो आणि डोक्यावरचा पंखा मला दिसला नाही, म्हणाला.

क्रिसान्ताला समजायला वेळ लागला नाही; कबूल करायला लागला. नळ तेवढाच उघडायचा, पण शेजारणीनं आपला बंद केला की आपल्या बादलीत धो धो. लाल रेघ म्हणजे नुसती नळाची चावी.

"तुझी ती पेटी काय वेगळं करते?" तिनं पट्टीकडे बघतच विचारलं.

तो सांगू लागला. तिची एक बारीक तार चादरीखाली, पत्र्याला चिकटून ठेवायची. पेटी सारखी चाचपत राहते, किती तापलं, किती तापलं. ठरवल्याच्या वर गेलं की वीज तोडते, उतरलं की पुन्हा सोडते. तारेत जोर असो नसो, ती कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

"कुणाच्याच नाही?"

"माझ्याही नाही, आई. तुमच्याही नाही."

क्रिसान्तानं माळ खिशात टाकली. असं एक कुणीतरी या घरात हवंच होतं, ती पुटपुटली. एकटीनं किती म्हणून लक्ष ठेवायचं. मग जळकी पट्टी उचलून बाहेर निघाली. दारात रुपर्तो अजून हात मागे बांधूनच उभा होता.

"हात सोड आता, पुतळा आहेस का? आणि पेटी आणायला एकटा जाऊ नकोस, दुकानदार तुझ्या गळ्यात काहीही मारतील. डेल्फाला घेऊन जा." उंबऱ्याबाहेर पाय टाकून ती थांबली, पण वळली नाही. "दोघं जा. आणि दोघं परत या."