हलकी कॉफी

बाईंनी साय काढलेलं दूध मापाच्या काचपात्रात ओतलं आणि मान वाकवून रेघेशी डोळा नेला. दीडशे मिली, थेंबभरही वर नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त-लघवी तपासणाऱ्या माणसाचं हे घर. इथे अंदाजपंचे काही चालतच नसे. तो माणूस जाऊन तीन महिने झाले होते, मापं तेवढी जागच्या जागी होती.

उन्हाचा चटका बसायला लागला की नवरा स्वतः मिक्सर काढायचा. गार केलेली कोरी कॉफी, बर्फ, हे दूध, चिमूटभर दालचिनी. साखरेचं नाव नाही. त्याला मधुमेह निघाल्यापासून बारा उन्हाळे ही हलकी कॉफी. 'मग मीही तीच पिणार,' असं बाईंनी तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, आणि पुढे बारा वर्षं नातेवाइकांत ते मिरवलंही होतं.

लेक टेबलाशी बसून बघत होती. चारच्या गाडीने ती परत जायची होती. तीन महिन्यांत आई एकदाही रडली नव्हती. काहीही विचारा, ठीक आहे. जेवण ठीक, झोप ठीक. बाई दगडाच्या आहेत, असं शेजारणी कुजबुजत. ते बाईंच्या कानावर आलं होतं आणि पटलंही होतं. आत काही हलतच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार.

"आई, तुला असं सोडून माझा पाय निघत नाहीये. एकदा मोकळी तरी हो."

"बर्फ दे."

मिक्सर फिरला. बाईंनी दोन पेले भरले, आपल्यातला घोट घेतला.

"कशी झालीये?"

"ठीक."

लेकीने चाखली आणि तोंड वाकडं केलं. "पाणचट आहे गं. तू तर बाबांच्या कॉफीचं केवढं कौतुक करायचीस."

"माप तेच आहे." बाईंची नजर मिक्सरवर गेली. "ते दोनदा फिरवायचे. कान किटले म्हणून मी ओरडायचे."

"दोनदा कशाला?"

लेक उठली, फ्रीझर उघडून तिने मघाशी बर्फामागे दिसलेली पांढरी डबी बाहेर काढली. झाकणावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'नमुना. उघडू नये.'

"ठेव ती," बाई म्हणाल्या. "त्यांच्या लॅबचं काहीतरी असेल. मी कधी हात लावला नाही बाई."

लेकीने झाकण काढलं. आत व्हॅनिला आइस्क्रीम होतं. निम्मं संपलेलं, वर चमच्याचा खड्डा.

लेक हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"आधी स्वतःचा पेला भरून घेत असणार," बाई हळूच म्हणाल्या. "मग हे घालून माझ्यासाठी परत फिरवायचे."

"आणि तू सगळ्यांना सांगायचीस, ह्यांच्यासाठी मी गोड सोडलं."

"ते शेजारी बसून मान डोलवायचे."

लेकीने चमचा घेतला. "आण तुझा पेला. हे घालून परत फिरवते."

बाईंनी पेल्यावर तळहात ठेवला. "राहू दे. ते हीच प्यायचे ना."

त्या एकेक घोट घेत राहिल्या. निम्म्यावर आल्यावर त्यांची हनुवटी थरथरायला लागली, पण पेला काही त्यांनी खाली ठेवला नाही.

"कडू आहे गं," त्या म्हणाल्या. "किती कडू आहे."