आजेसासऱ्यांचा कागद

कार्सिनमने बाटिकच्या कापडातून कागद काढून सुविग्नो गुरुजींपुढे ठेवला. त्याला धुपाचा वास होता. घरात तो कुळाच्या कट्यारीशेजारी असायचा. दर गुरुवारी संध्याकाळी दोघांनाही फुलं आणि धूप. उघडला तर घराला अवकळा येते, असं सासूने बजावलेलं. त्यामुळे इतक्या वर्षांत कुणी त्याची घडी मोडली नव्हती.

पण उद्या तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. तिचं कालव्याकाठचं भातखाचर आपल्या मळ्यातलंच आहे, असं साखर कारखान्याचं म्हणणं होतं. डच जाऊन पस्तीस वर्षं झाली, कारखाना सरकारी झाला, नकाशे मात्र तेच राहिले. आणि डच वाचणारे गावात एकटे गुरुजी उरले होते.

गुरुजींनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. ही भाषा ते शाळेत मार खात शिकले होते. तिचा कुणाला काही उपयोग झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"जमिनीचाच आहे ना?" कार्सिनमने विचारलं.

"वहिनी, हा शिक्षेचा हुकूम आहे. तुमच्या आजेसासऱ्यांच्या. तेव्हा दिवसाचं पाणी उसाला आणि रात्रीचं भाताला, असा नियम होता. त्यांनी भर दुपारी बांध फोडून भातासाठी पाणी चोरलं, असं लिहिलंय. बारा दिवस रस्त्यावर खडी फोडायला लावली त्यांना."



"म्हणजे इतकी वर्षं मी चोरीला फुलं वाहिली. सासूला ठाऊक असणार. मोठी पोचलेली होती म्हातारी."

गुरुजींना फार थकवा आला होता. घडी घालून कागद परत द्यावा, असं वाटलं.

"एक ओळ आहे. पण माझं चुकतही असेल."

"जन्मभर हेच ऐकतेय तुमच्याकडून. वाचा आता."

"'पाणी स्वतःच्या वहिवाटीच्या खाचरात वळवले, कालव्याच्या पश्चिमेस, पाणी सोडायच्या तिसऱ्या दारापाशी.' खाली डच साहेबाचीच सही आणि शिक्का आहे."

"तिसरं दार म्हणजे आमचंच."

"हो. खाचर तुमच्या वहिवाटीचं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पण वाचायचा तर सगळा वाचावा लागेल, गावासमोर."

"तेवढीच ओळ वाचली तर?"

"कारखान्याचा वकील बाकीचं वाचायला लावेल."

"पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे. विहीणबाई उद्या पुढच्याच बाकावर बसणार." तिने कपाळ चोळलं. "आणि एवढं करून कचेरीतले साहेब मानतील?"

"सांगता येत नाही."

"मग 'चोरलं' म्हणू नका. 'घेतलं' म्हणा."

"वहिनी, लिहिलंय तेच वाचायला हवं. एक शब्द फिरवला, तर ती ओळही कुणी खरी मानणार नाही."

कार्सिनम गुडघ्यावर हात टेकून उठली. कागद तिने तिथेच राहू दिला. रिकामं कापड खांद्यावर टाकून ती दाराशी थांबली.

"मोठ्याने वाचा मग. तुम्ही पुटपुटायला लागलात, तर लोकांना फक्त चोरीच ऐकू येईल."