पिशवीतला भाऊ

मोजताना देवाप्पाच्या औषधाच्या डबीत चार गोळ्या जास्त निघाल्या आणि त्याची आई, सोयराबाई, सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्यावर घसरली.

"चार दिवस झोपला होतास काय रे? मी घरून फोन करून करून दमते, आणि हा मार्केटात कांद्याच्या पोत्यावर बसून 'घेतली, घेतली' म्हणतोय!"

"आई, स्वल्प हळू," चाळिशीचा देवाप्पा पुटपुटला.

"हळू कशाला? इथं सगळे त्याच गोळीसाठी आलेत."

बाकड्याच्या टोकाला बसलेल्या सिद्धीचा जळफळाट झाला. एचआयव्हीच्या या उपचार केंद्रात ती तीन वर्षं येत होती, एकटी. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची, वेळेची पक्की. तिची एकही गोळी कधी चुकली नव्हती. रक्तात विषाणू सापडत नाहीत, असा रिपोर्ट सलग तीनदा आला होता. तुलनाच करायची तर देवाप्पा तिच्या पासंगालाही पुरला नसता. पण त्याला चुकायची मुभा होती. चुकला तर ओरडणारं माणूस होतं, आणि ओरडून झालं की डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, पुढ्यात ठेवणारं.

गेल्या वर्षी तिने मुद्दाम या मायलेकांच्या तारखेला आपली तारीख मागून घेतली होती. बघितलं की जळायचं, आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

"सिद्धी, या," समुपदेशक श्यामला मॅडमनी दारातून हाक मारली. "घरच्यांचे नंबर नव्याने तपासतोय. एकच मिनिट."

तिच्या फॉर्मवर, सोबतीच्या माणसाच्या रकान्यात लिहिलं होतं: शार्दूल, भाऊ. मॅडमनी नंबर लावला.

सिद्धीच्या पिशवीत फोन वाजला.

मॅडमनी कट केला. पिशवी गप्प झाली. पुन्हा लावला. पुन्हा वाजली.

"अगं बाई," उघड्या दाराशी उभ्या सोयराबाईला हसू आवरेना, "भावाला पिशवीत घालून फिरतेस होय?"

मॅडमनी उठून दार लावलं. "दुसरं सिम घेतलंत? यासाठी?"

"रकाना रिकामा चालत नाही म्हणाला होतात."

"खरा भाऊ आहे?"

"आहे. इथं शहरातच, के. आर. पुरमला. त्याला माहीत नाही."

मॅडमनी फॉर्मवरचा नंबर खोडला नाही. पेन मात्र सिद्धीच्या हाती दिलं. "घाई नाही. खरा नंबर पुढच्या तारखेला लिहिलात तरी चालेल."

सिद्धी बाहेर आली तर सोयराबाईने डबा पुढे केला. "चुकलं गं माझं. तोंडाला लगाम नाही. खा थोडं, देवाप्पाला पुरून उरतंय."

"नको."

पुरून उरलेलं तिला नकोच होतं. तिला तिचं हवं होतं. त्याच तिरमिरीत ती जिन्यापाशी गेली आणि शार्दूलचा खरा नंबर लावला. धीर वगैरे काही नव्हता. देवाप्पाला आहे आणि मला नाही, एवढंच डोक्यात होतं.

"अण्णा, मला एचआयव्ही आहे. तीन वर्षं झाली. औषध चालू आहे, मी बरी आहे."

तिने पडद्यावरचे सेकंद बघितले. अकरा. बारा. एकोणीस.

"अण्णा?"

"फोन ठेवू नकोस." शार्दूल जवळजवळ ओरडलाच. "तीन वर्षं? तीन वर्षं एकटी जाते आहेस? सिद्धे, अक्कल गहाण टाकलीस का? दिवाळीत माझ्यासमोर बसून चकल्या तळत होतीस आणि एक शब्द नाही?"

"तुला काय वाटेल म्हणून..."

"मला काय वाटायचं ते मी ठरवीन ना! घरात तुझ्या वहिनीला, हर्षिताला, कसं सांगायचं ते मला आत्ता सुचत नाहीये, खरं सांगतो. पण पुढची तारीख कधी? मी येतो. आणि जेवलीस का, ते सांग आधी, मूर्ख मुली."

सिद्धी भिंतीला टेकली. बाकड्यावर सोयराबाई कान टवकारून बसली होती. तिच्याकडे बघत बघत सिद्धीने फोनचा आवाज दोन घरं वाढवला.