म्हातारीचं तेल

मिस्त्री नाकावर माशी बसू देणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी बांधलेल्या इंजिनाला कुणी नावं ठेवली, की ते पाना खाली ठेवत, फडक्याला हात पुसत आणि अशा काही नजरेनं बघत की समोरचा मुकाट्यानं हवापाण्याबद्दल बोलायला लागे. ती नजर ज्यांच्यावर कधीच चालली नाही असं एकच माणूस होतं. त्या म्हणजे बाई.

बाईंनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि संध्याकाळी स्वतःची दोन सीटची, टप नसलेली स्पोर्ट्स कार काढून मोकळ्या रस्त्याला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. गाडी इतकी जुनी, की घरात आणि गॅरेजमध्ये सगळे तिला 'म्हातारी'च म्हणत. बाईंनीही सत्तरी ओलांडली होती, पण म्हातारी म्हणजे गाडी, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. निदान बाईंच्या देखत तरी नाही.

या वेळी मिस्त्रींनी म्हातारीचं इंजिन पार मोकळं करून नव्यानं बांधलं होतं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, घासावी लागली, आणि ती आता अगदी शेवटच्या मापावर आली होती. त्यापुढच्या मापाची बेअरिंगं कुठे बनतच नव्हती. म्हणजे हे इंजिन बसलं, तर गाडी कायमची बसली. पुढे तिच्यात फुलझाडं लावा नाहीतर कोंबड्या पाळा. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते.

इंजिन रुळावं म्हणून घातलेलं सुरुवातीचं तेल काढून टाकलं होतं. आता कायमचं तेल भरायचं होतं, आणि मिस्त्रींना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. म्हातारीला वर्षानुवर्षं जे देत आलो तेच, वीस-पन्नास नंबरचं. भरपूर घट्ट. त्यांनी ते भरलं आणि थंडीनं काचा धुरकटलेल्या एका सकाळी बाईंना बोलावून घेतलं. बाईंबरोबर त्यांचे जावईही आले. कुणी बोलावलं नसताना येणं हा जावयांचा खास गुण होता.

मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि तेलाच्या दाबाचा काटा टुणकन वर जाऊन बसला.

"बघा बाई, दाब कसला आहे!" मिस्त्रींची छाती फुगली.

बाईंनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्या बॉनेटपाशी वाकून, डोळे मिटून ऐकत होत्या. वरच्या बाजूनं, झडपा हलवणाऱ्या टॅपेटची टकटक येत होती. ती थांबेना.

"बंद करा," बाई म्हणाल्या.

"अहो, गरम झालं की जाईल आवाज."

"मिस्त्री, बंद करा म्हणते ना."

मिस्त्रींनी बंद केलं.

"परवापर्यंत सुरुवातीचं पातळ तेल होतं, तेव्हा हा आवाज लगेच जात होता. वरचं झाकण उघडून दाखवा बघू मला."

मिस्त्रींनी फडकं उचललं आणि ती प्रसिद्ध नजर टाकली. बाईंनी ती शांतपणे परत केली. शेवटी मिस्त्रींनी धुसफुसत झाकण उघडलं आणि त्यांचं धुसफुसणं तिथेच थांबलं. झडपा दाबणाऱ्या रॉकरांपैकी पुढचे एक-दोन तेवढे तेलानं ओले होते. मागचे जवळजवळ कोरडे.

"पण काटा तर वर होता," मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले.

"आमच्या सासऱ्यांचाही घरात फार दाब होता," बाई म्हणाल्या. "पण त्यांचं म्हणणं मागच्या खोलीपर्यंत कधी पोहोचलं नाही. घट्ट तेल अडलं तरी काटा वर जातोच की. मला सांगा, वीस-पन्नासच का?"

"का म्हणजे? म्हातारी आहे ती."

"कोण?"

"ही. म्हातारी."

"मिस्त्री, हिच्या आत म्हातारं आहे तरी काय आता? सगळं तर तुम्हीच नवं केलंत!"

मिस्त्रींनी हातातलं फडकं बाकावर ठेवलं. बेअरिंगमधली फट त्यांनीच तर मापली होती, आणि ती इतकी नेटकी आली होती की त्या रात्री जेवताना बायकोला दोनदा सांगितली होती. झिजून फटी मोठ्या झाल्या होत्या, तेव्हा घट्ट तेल योग्यच होतं. पण आता त्या राहिल्या कुठे? इतकी वर्षं 'म्हातारी, म्हातारी' म्हणता म्हणता, आपल्याच हातानं जिला तरुण केलं तिला आपण म्हातारपणाचं पथ्य लावलं! त्यांना स्वतःचा रागही आला आणि हसूही. बाईंचं मात्र मनापासून कौतुक वाटलं. कान असावा तर असा.

एवढ्यात जावयांनी आगीत तेल ओतलं, म्हणजे ओतायला काढलं. गाडीतून त्यांनी एक चकचकीत डबा आणला. "मी म्हणतच होतो, पातळ हवं! हे घ्या, झिरो-वीस. माझ्या गाडीला हेच घालतो. एकदम आधुनिक."

बाईंनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. "तुम्ही सांगा. याचा निवाडा माझ्या कानानं होणार नाही."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मिस्त्रींचा उरलासुरला राग विरघळला. त्यांनी डबा बाकावर ठेवला.

"जावईबापू, पहिला आकडा थंडीतला आणि दुसरा गरम झाल्यावरचा. सकाळी हे पळेल छान, प्रश्नच नाही. पण चढणीवर इंजिन तापलं की याचं होईल पाणी. तुमच्या गाडीच्या फटी याच तेलाच्या हिशेबानं ठेवल्यात, हिच्या नाहीत. आणि हिचा कॅम टॅपेटवर सरळ घासत फिरतो. त्याला लागणारा, झीज रोखणारा मसाला या डब्यात कमी असतो."

"मग?" बाईंनी विचारलं.

इथे चुकलो तर पुन्हा दुरुस्त करायला काही उरलेलं नाही, हे मिस्त्रींच्या मनातून जात नव्हतं. "दहा-चाळीस," ते शेवटी म्हणाले. "जुन्या इंजिनांसाठी बनवतात ते, मसाला पुरेसा असलेलं. सकाळी वर पोहोचेल आणि चढणीवर टिकेलही. टिकायला हवं."

"हवं की टिकेल?"

"चढणीवर नेल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

"मग नेऊ या," बाई म्हणाल्या.

तेल बदललं. इंजिन सुरू झालं आणि टकटक उमटते न उमटते तोच विरली. अर्धी लढाई जिंकली होती. उरलेली अर्धी डोंगराच्या रस्त्यावर होती. गाडीत सीट दोनच, त्यामुळे जावई डब्यासकट मागे राहिले.

चढण लागली तसे मिस्त्री डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघत बसले. काटा नेहमीपेक्षा खाली होता आणि त्यांचा जीव वर. पण हळूहळू त्यांचं लक्ष बाईंच्या हातांकडे गेलं. वळण यायच्या आधीच गिअर पडलेला असे, कुठे धक्का नाही, कुठे ओढाताण नाही. इंजिन कधी कण्हलं नाही की किंचाळलं नाही. आपण नुसतं बांधतो, मिस्त्रींच्या मनात आलं, हिला जगवतात त्या या. हे बाईंना सांगावंसं त्यांना फार वाटलं, पण वारा कानात इतका घोंघावत होता की त्यांनी ते मनातच ठेवलं.

माथ्यावर बाईंनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. खरी परीक्षा हीच होती: तापलेलं इंजिन आणि मंद चाल. काटा खाली येऊ लागला. आणखी खाली आला. मग काटा थांबला, जिथे थांबायला हवा होता नेमका तिथेच, आणि हलेचना. वर टॅपेटचा आवाज नाही, खाली बेअरिंगची गुरगुर नाही.

"टिकलं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"किती वर्षं काढेल?"

"हेच तेल वेळच्या वेळी बदललंत, तर वीस वर्षं बघायला नको."

बाई खूश होऊन हसल्या. "म्हणजे मला पुरून उरणार!"

बाई दार उघडून उतरल्या, गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आल्या आणि उभ्या राहिल्या.

"सरका तिकडे. उतरताना तुम्ही चालवायची."

"मी? बाई, मी हिला गॅरेजच्या दारापलीकडे कधी नेलं नाही."

"माहीत आहे. म्हणून तर आजपासून शिकायचं. माझ्यानंतर ही कुणाकडे जाणार, असं वाटत होतं तुम्हाला? जावयाकडे?"

मिस्त्रींनी हात पुसायला फडकं शोधलं, ते सापडलं नाही, तेव्हा शर्टालाच पुसले आणि ते पलीकडच्या सीटवर सरकले. बाई शेजारी बसल्या.

"आधी आरसा," बाई म्हणाल्या.