आत्याचं कोड

घरात तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. पिटूच्या कोपरावर पांढरा डाग उठल्यापासून आई-बाबा त्याला नुसतं "ते" म्हणत, आणि आजी तर तेवढंही न बोलता हनुवटी उडवी. पण नऊ वर्षांच्या या पोरीचे कान भलते तिखट. कोड. शब्द तिनं बरोबर पकडला आणि अर्थही लावून टाकला: आत्या दिवसभर कोड लिहिते, असं बाबाच कौतुकानं सगळ्यांना सांगतो, म्हणजे त्यातलं आत्याला कळणारच.

म्हणून सुट्टीच्या दिवशी ती आत्याच्या ऑफिसात येऊन बसली. डाग आता ओठाच्या कोपऱ्याशीही दिसू लागला होता. तो चेहराभर पसरेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

आत्या गणिती. भुंगेऱ्यांच्या पाठीवर ठिपके कसे उमटतात, आणि त्यातले कोणते पक्ष्यांच्या नजरेतून निसटून पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे ती समीकरणं मांडून कॉम्प्युटरवर घडवून बघे. तिनं आधी गैरसमज दूर केला: हे कोड वेगळं, ते कोड वेगळं, आणि भुंगेरा म्हणजे माणूस नव्हे. पिटूनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि आपलं घोडं पुढे दामटलं.

"तरी माझ्यावर चालवून बघ ना."

पुढच्या खेपेला बघू, म्हणत आत्यानं त्या दिवशी भुंगेऱ्यांवर वेळ मारून नेली. तिनं समजावलं: रंग भरणारा एक पदार्थ, त्याला अडवणारा दुसरा, आणि सुरुवातीला चिमूटभर गोंधळ, म्हणजे कॉम्प्युटरनं आपणच उचललेले वाटेल ते आकडे. तो गोंधळ दर वेळी नवा, म्हणून एकासारखा दुसरा भुंगेरा कधी होत नाही. पिटूनं लागोपाठ बारा भुंगेरे काढायला लावले. खरंच, एकही सारखा नव्हता.

संध्याकाळी आत्याला भावाचा, म्हणजे पिटूच्या बाबाचा, फोन आला. पोरगी आरशासमोरून हलत नाही, शाळेत तोंडावर हात धरून बसते, म्हणाला. डॉक्टर म्हणतात, औषध चालू ठेवा, पुढचं सांगता येत नाही. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस तो, पण आज मागत होता.

"ताई, चेहरा साफ राहिलाय असं एक चित्र दाखव तिला. खोटं का असेना."

आता आत्याचा स्वभाव असा, की दुसऱ्याच्या आलेखात एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी ती दिवसभर धुमसायची. पण भाचीपुढे तिचं सगळं शास्त्र पाघळलं. तीन दुपारी खपून तिनं माणसाची आकृती बसवली, हवं तसं चित्र येईपर्यंत प्रोग्राम चालवला, आणि ज्या गोंधळातून ते आलं तोच कायमचा ठरवून टाकला. धोका नको.

पुढच्या सुट्टीला पिटूनं स्वतः बटण दाबलं. कोपर, गुडघा, ओठाशी एक ठिपका. बाकी चेहरा स्वच्छ. आत्याचा जीव भांड्यात पडला.

पिटूनं पुन्हा दाबलं. तेच चित्र. आणखी एकदा. तेच. ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.

"आत्या, एकासारखं दुसरं कधीच येत नाही म्हणाली होतीस."

शंभर जणांच्या वर्गाला गप्प करणाऱ्या या बाईनं सबब शोधणं सोडून दिलं. तिनं खुर्ची वळवली आणि पोरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"मी लबाडी केली. पसरेल की थांबेल, मला माहीत नाही, पिटू."

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही."

"बाबाला? आजीला?"

"कुणालाच नाही गं."

आता ही भोकाड पसरणार, म्हणून आत्या मनाची तयारी करत होती. पण पिटूनं लांब श्वास सोडला आणि कितीतरी दिवसांनी तिचे आक्रसलेले खांदे खाली आले.

"मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहितीये," ती म्हणाली. "आणि खूप वाईट आहे, म्हणून मला एकटीलाच सांगत नाही."

रडू फुटलं ते आत्याला.