पाठमोरी पोचले, पण पोचले

मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हटलं मी, भंगार नाही म्हटलं. मिरकरवाड्याच्या बंदरावर मला बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, तुमच्यातही कोणी तसा असेल तर त्यानं जरा कान उघडे ठेवावेत.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी एका सरकारी साहेबाची गाडी होते. पुढे सगुणाने मला लिलावात घेतलं आणि तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. सगुणाचा धंदा ट्रॉलरना बर्फ पुरवायचा. जेटीवर गाडी वळवायला जागा नसते, म्हणून बर्फ भरून आम्ही टोकापर्यंत रिव्हर्समध्येच जायचो. दोन्ही अंगाला पाणी, मध्ये जाळी, टोपल्या आणि भांडणाऱ्या बायका. एवढ्यातून सगुणा मला मागे मागे अशी न्यायची, की माझा कुणाच्या टोपलीला धक्का लागला नाही. ‘सगुणाची गाडी तोंडापेक्षा पाठीनं जास्त चालते,’ असं लोक म्हणायचे. तेव्हा कौतुकानं म्हणायचे हो!

वाळूत रुतलेल्या होड्याही मी ओढल्या. माझ्या मागच्या चाकांना एक शाफ्ट फिरवतो आणि पुढच्या चाकांना दुसरा. दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागतात. मग बंदरात नव्या चकचकीत पिकअप आल्या आणि मी एकदम ‘खटारा’ झाले. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या टपावर जाळी वाळत घालायला लागले. राग आला मला, अजून येतो.

सगुणाकडे टेकबहादूर नावाचा नेपाळी माणूस एकोणीस वर्षं होड्यांची राखण करत होता. तो मराठी बोलायचा तो थेट आमच्या हेलात. त्यांच्या गावात लग्नात बाप लेकीचे पाय धुतो आणि मगच तिला सासरी पाठवतो. पण टेकच्या थोरल्या लेकीच्या लग्नाच्या वेळी सगुणा म्हणाली होती, ‘सीझन हाय रे, तू मागाहून जा.’ तो थांबला. लेकीचे पाय चुलत्यानं धुतले. सगुणाच्या मनाला ते कायमचं लागून राहिलं.

यंदा मे महिन्यात धाकटीचं लग्न ठरलं. रेल्वेचं तिकीट मिळेना. टेक म्हणाला, “ऱ्हाऊ दे ताय, तिचे पण काका धुतील.”

“गप ऱ्हा मेल्या!” सगुणा त्याच्यावर खेकसली. “एकदा माझ्यामुळे चुकलं. आता मी स्वतः तुला तुझ्या दारात नेऊन सोडणार. काढ म्हातारीला!”

म्हातारी म्हणजे मी.

आता सगुणाच्या भावाची, धोंडूची, हुशारी ऐका. धोंडू होड्या दुरुस्त करतो. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात. ते वाळलं की कडक होतं आणि खारं पाणी आत शिरत नाही. मी परदेशी निघाले म्हणून या पठ्ठ्यानं माझ्या पोटाखाली झोपून मला तेच तेल चोपडलं, दोनदा. जीव लावून चोपडलं, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या सांध्यांत ग्रीस मारायला गेले तर ग्रीस आत जाईना, बाहेरच ओघळलं. धोंडू म्हणाला, “बघ ताय, आत जागाच नाय. फुल्ल भरलेलं हाय!” आणि सगुणानेही मान डोलावली.

मग त्यानं नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. “बारा वाटेच्या म्हाराजा, ह्या टेकाला लेकीच्या लग्नाआधी घरी पोचव रे म्हाराजा!” सगळे ओरडले, “होय म्हाराजा!” आणि सगुणा, टेक, धोंडू आणि मी असे आम्ही निघालो.

नेपाळच्या हद्दीपर्यंत मी एकदाही कुरकुरले नाही. हद्दीवर परवान्याच्या रांगेत अख्खा दिवस गेला, त्यामुळे डोंगरात शिरलो ती सकाळ थेट लग्नाचीच होती. मुहूर्त दुपारी तीनचा. टेकच्या गावाखालच्या बाजाराजवळ आलो, चढ लागला आणि माझ्या पोटाखाली खाडकन आवाज झाला. इंजिन चालू, गिअर टाकलेला, पण चाकं ढिम्म.

शाफ्टच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा सांधा असतो. मेस्त्री त्याला क्रॉस म्हणतात. मागचा क्रॉस तुटला होता. बाजारातल्या मेस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून दाखवलं. ग्रीस जायचं भोक काळ्या तेलानं सिमेंटसारखं बुजलेलं आणि आतला सांधा कोरडा ठणठणीत. धोंडूचा चेहरा पार उतरला.

मेस्त्री हिंदीत म्हणाला, असला जुना क्रॉस यायला तीन दिवस लागतील. गावापर्यंत बस नाही. गावची एकुलती एक जीप नवऱ्या मुलाचं वऱ्हाड आणायला गेलेली. अकरा किलोमीटर उभा चढ आणि घड्याळात साडेअकरा. वर तोंड करून तो हसला, “इसको तो भंगार में दे दो, दीदी.”

टेक खाली बसला. “नशिबात नाय ताय,” एवढंच म्हणाला.

भंगार? मी? चार हजार फेऱ्या जेटीवर मारलेली मी? तोंड असतं तर त्याला तिथेच सुनावलं असतं! पण माझ्याऐवजी सगुणा बोलली. “मागचा शाफ्ट काढून टाक. पुढचा हाय ना शाबूत? पुढच्या चाकांवर जाईल ती.”

शाफ्ट काढला. बाजारातल्या सपाटीवर मी झोकात चालले. पण खडा चढ आला तशी पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चढावर वजन सगळं मागे जातं आणि पुढचं अंग हलकं पडतं. धोंडूनं बॉनेटवर बसून पाहिलं, तरी जमेना. हँडब्रेकही मागच्या शाफ्टलाच होता, म्हणून टेक चाकाला दगड लावत होता. एक वाजला.

सगुणानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग एकदम उठली. “धोंड्या, उतर! हिला फिरवायची. जेटीवर जाते तशी जाईल!”

मित्रांनो, उलटं उभं राहिलं की ओढणारी चाकं उताराच्या अंगाला येतात आणि सगळं वजन त्यांच्यावर पडतं. सगुणानं मला वळवलं, जास्त जोर देणारा छोटा गिअर टाकला, मग रिव्हर्स, आणि मान मागे वळवली. माझ्या चाकांनी माती धरली. मी चढले! एका अंगाला दरी होती, तर असेना, जेटीच्या दोन्ही अंगाला समुद्र असतो. धोंडू मागे पळत “आणखी, आणखी, डावीकडं घे!” ओरडत होता. इंजिन तापलं की थांबायचो, पाणी ओतायचो, पुन्हा चढायचो. वाटेतली माणसं हसली. हसा लेको! जायचं मला होतं.

तीनला दहा कमी असताना मी लग्नघराच्या अंगणात शिरले, पाठमोरी. चुलता तांब्या घेऊन बसलाही होता. टेकनं उडी मारली, त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि लेकीच्या पायांशी बसला. घाईत निम्मं पाणी बाहेरच सांडलं. सगुणा दाराशी उभी राहून ढसाढसा रडली.

मग थोरली लेक बाहेर आली, जिचे पाय बापाला धुता आले नव्हते. तिनं माझ्या मागच्या फाळक्याला कुंकू आणि तांदळाचा टिळा लावला. तोंड माझं दरीकडे होतं ना, म्हणून टिळा पाठीला.

धोंडूनं नारळ आणला आणि माझ्यासमोर उभा राहिला. “बारा वाटेच्या म्हाराजा, हिच्या पोटात काय हाय ते न बघता मी माझ्या मनाचं औषध लावलं. चूक माझी. पदरात घे रे म्हाराजा!” सगुणा आणि टेक एकदमच म्हणाले, “होय म्हाराजा!”

तीन दिवसांनी क्रॉस आला. तो ‘भंगार’वाला मेस्त्री स्वतः वर चढून आला आणि त्यानं माझी भोकं एकेक करून साफ केली. आता मी पुन्हा जेटीवर बर्फ वाहते. दर पंधरवड्याला धोंडू माझ्याखाली झोपतो, आधी बोटानं चाचपतो, मगच ग्रीस मारतो. फाळका धुताना टिळ्याला हात लावायची कुणाची छाती नाही, सगुणा अंगावर येते.

मित्रांनो, जुन्याची काळजी घ्यायची तर आधी खाली वाका आणि त्याला काय हवं ते बघा. तेवढं वाकणं होत नसेल, तर निदान भंगार म्हणू नका. आणि म्हणणारच असाल, तर माझ्या मागे उभं राहून म्हणू नका. मी त्याच बाजूनं चढते.