आईची ओळ

"निलम, ही मधली जागा काहून सोडली तू? गाण्याला भोकच पडलं की!"

विश्वंभर सरांनी कॉम्प्युटरच्या काचेवर बोट असं आपटलं, की मी आधी काच पाहिली आणि मग ओळ. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीत शिक्षक. आपल्या भागातल्या बायकांची गाणी स्वरलिपीसकट पुस्तकात आणायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. स्वरलिपी टाइप करायचं सॉफ्टवेअर हिंगोलीत माझ्याच टायपिंग सेंटरमध्ये होतं, म्हणून काम माझ्याकडं आलं.

"जागा आत्यानं सोडली, सर. तिच्या गाण्याच्या कॅसेटमध्ये तशीच हाय."

"अगं, बाईचा दम संपला असंल. ताल तुटून राहिला तिथं. सलग कर."

दम संपला! माझ्या मिराबाई आत्याचा! भर उन्हात हळद काढताना जिचं गाणं दोन शेतं ओलांडून ऐकू येतं, तिचा! माझं डोकंच सणकलं.

"न्हाई करणार."

"पोरी, टायपिंग तुझं, संगीत माझं," सर हसून म्हणाले. त्या हसण्याचाच मला जास्त राग आला. मी त्याच दिवशी तांड्यावर निरोप धाडला.

पुढच्या बाजाराला आत्या गोरेगावच्या जीपनं आली आणि सरांसमोर स्टुलावर ऐसपैस बसली. आम्ही बंजारा, घरी गोरमाटीत बोलतो, पण सरांसाठी ती मराठीत बोलली.

गाणं होतं ढावलो. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्याच्या नावाची ओळ रडत गाते, तो ढावलो.

"मास्तर, माझ्या लग्नात समदे व्हते," आत्या म्हणाली. "बापाची ओळ म्हणली. मंग आईची आली, अन् गळ्यात पडाया आई न्हाई. मी रांगत व्हते तवाच गेली ती. बाया म्हणल्या, ऱ्हाऊ दे, भावाची म्हण. म्या न्हाई ऐकलं. तिच्या ओळीएवढा वखत गप उभी ऱ्हायले, मंगच भावाची म्हणली. तवापासून ती जागा तशीच हाय. माझ्याकडून शिकलेल्या पोरी बी तिथं गपच ऱ्हातात."

सर जरा नरमले. "खरं आहे हो मिराबाई, पण पुस्तकात ते चुकीसारखं दिसंल."

"मंग माझं गाणंच घेऊ नका. समदं काढा. पर एकट्या आईला काढू देणार न्हाई मी."

गाणं तर सरांना हवंच होतं, अख्ख्या पुस्तकात तेच उजवं. "बघू," म्हणून ते उठले. त्यांचं 'बघू' मला बराबर कळतं. नांदेडला प्रेसवाल्याला फोन करून जागा गुपचूप बुजवायची, दुसरं काय!

पण मी पाठवलेली फाइल प्रेसमध्ये धड उघडलीच नाही. त्यांच्याकडं ना ते सॉफ्टवेअर, ना तो फॉन्ट. सगळ्या 'सा'चे चौकोन झाले, कोमल स्वरांखालच्या रेघा भलत्याच स्वरांखाली गेल्या, आणि आत्याची मोकळी जागा आपोआप मिटली. घ्या! मशीनसुद्धा सरांच्याच बाजूचं!

प्रेसमधल्या जळबाभाऊंचा फोन आला. "म्याडम, फाइल नका देऊ. पानांच्या इमेज करून पाठवा, फोटोवानी. आमी जशाच्या तशा छापू."

मी खुर्चीतून उठलेच. फोटो! एकदा पानाचं चित्र झालं, की त्यातला सूर उचलून दुसरीकडं ठेवता येत नाही, मोकळी जागा ओढून मिटवता येत नाही. आहे ते आहे तसंच छापायचं.

लागले कामाला. आधी माझ्या सॉफ्टवेअरमधून पानं प्रिंटच्या फाइलमध्ये काढायची, ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची आणि एकेक पान इमेज म्हणून सेव्ह करायचं. पहिल्या खेपेला स्वरांवरचे ठिपके पुसट आले. रिझोल्यूशन वाढवलं तर कॉम्प्युटर अडकला. तो चालू केला तर लाइट गेली. मेलं लोडशेडिंग! लाइट आली की मी पुन्हा पहिल्यापासून. आत्याचं पान शेवटी केलं. मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना एकेक उभी रेघ दिली, म्हणजे कुणाला ती चूक वाटायला नको. मग सीडी एसटीनं नांदेडला पाठवून दिली.

दोन दिवसांनी सर तणतणत आले. "जळबा म्हणतो, काहीच सरकवता येईना! काय करून ठेवलं हे?"

"इमेज केल्या, सर. प्रेसनंच मागितल्या."

"मला विचारायचं तरी!"

"आत्याला विचारलं व्हतं. गाणं तिचं हाय."

सर चपला फटाफटा वाजवत निघून गेले. त्या दिवशी मी दोन चहा मागवले आणि दोन्ही मीच प्यायले.

पुस्तक आलं तेव्हा मात्र आत्याची प्रत सर स्वतः घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. आत्यानं पानावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय? तुमीच म्हणा."

सर मांडीवर ताल धरून गायला लागले. बापाची ओळ झाली. मोकळी जागा आली आणि सर सवयीनं थेट भावाच्या ओळीवर गेले.

आत्यानं त्यांचा ताल धरलेला हात दाबून धरला.

"थांबा मास्तर. आई हाय तिथं."

सर गप्प झाले. डोळे पानावरच ठेवून ते तसेच बसून राहिले. बाहेर एक जीप सेनगाव, सेनगाव ओरडत निघून गेली. मग आत्यानं त्यांचा हात सोडला.

"हां. आता भावाची म्हणा."